पुढे वाकताना गुडघ्यामागे का दुखतं?

21 जूनच्या सकाळी मैदानांवर, शाळांच्या पटांगणांत, सोसायटीच्या गच्च्यांवर सतरंज्या पसरल्या जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2014 मध्ये ठराव केला आणि 2015 पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. त्यासाठी आयुष मंत्रालयाने आखलेला साधारण पाऊण तासाचा ठरावीक क्रम आहे. त्यात उभ्याने करायचं पादहस्तासन आहे आणि बसून करायचं शशकासनही आहे. म्हणजे वर्षभर खुर्चीतून फारसा न उठलेला माणूसही त्या दिवशी निदान दोनदा पुढे वाकतो. रथसप्तमीला तर आपल्याकडे 108 सूर्यनमस्कारांचे संकल्प सोडले जातात. बारा स्थितींच्या एका नमस्कारात पुढे वाकणं दोनदा येतं, तेव्हा 108 नमस्कारांत ते 216 वेळा होतं.

माइकवरून सूचना येते, "गुडघे ताठ, हात जमिनीला!" शेजारच्याचे हात टेकलेले दिसतात, म्हणून आपणही एक हिसका देऊन बोटं टेकवतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघ्यामागे काहीतरी ओढतं. काही जण दुर्लक्ष करतात, काही जण "मला योगासनं मानवत नाहीत" म्हणून कायमची सोडून देतात. हे दुसरं मला फार खटकतं, कारण हे दुखणं बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं.

धड मांड्यांकडे आणायची जी आसनं आहेत, उत्तानासन आणि पादहस्तासन (उभ्याने), पश्चिमोत्तानासन (दोन्ही पाय पसरून बसून), जानुशीर्षासन (एक पाय पसरून, दुसरा दुमडून) वगैरे, त्यांत हालचाल मुख्यतः खुब्यात व्हायची असते. गुडघ्याने फक्त स्थिर राहायचं असतं. तरी दुखतो गुडघाच, कारण खुब्यात जे झालं नाही ते गुडघ्याकडून वसूल केलं जातं.

नेमकं दुखतंय कुठे?

"गुडघा दुखतो" एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. एका बोटाने जागा दाखवता आली पाहिजे.

पाय सरळ ठेवून वाकताना गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागात ओढ बसत असेल, तर तो ताणाचा प्रश्न आहे. या लेखाचा मोठा भाग त्याबद्दलच आहे. एक पाय दुमडून वाकताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचत असेल, तर तो पिळाचा प्रश्न आहे. वज्रासनात बसून वाकताना पुढे वाटीभोवती किंवा आत खोलवर दुखत असेल, तर ते पूर्ण दुमडलेल्या सांध्यावर पडणाऱ्या दाबामुळे. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की दुखणं वाढतं.

दोन सांध्यांवरून जाणारा स्नायू

खुर्चीत बसा. टाच जमिनीवर ठेवून ती जोरात मागे ओढल्यासारखी दाबा आणि गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं लावून पाहा. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला ताठ झालेले टणक दोर हाताला लागतील. मांडीमागच्या स्नायूंची ही खालची टोकं. इंग्रजीत या स्नायूंच्या गटाला हॅमस्ट्रिंग म्हणतात. इथे आपण "मांडीमागचे स्नायू" म्हणू. स्नायू जिथे निमुळता होऊन हाडाला चिकटतो, त्या चिवट भागाला कंडरा म्हणतात. तुमच्या बोटाला लागल्या त्या कंडरा.

या स्नायूंचं वरचं टोक असतं बैठकीच्या हाडाला. कडक लाकडी बाकावर बसल्यावर जी दोन हाडं टोचतात, तीच ही. खालचं टोक गुडघ्याच्या खाली, पायाच्या नळीच्या हाडांना. म्हणजे हा स्नायू खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. खुब्यातून वाकलं की त्याचं वरचं टोक लांब जातं, गुडघा सरळ केला की खालचं टोक लांब जातं. पाय ताठ ठेवून पुढे वाकणं म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी खेचणं.

दोन खिळ्यांना बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांसमोर आणा. ती प्रमाणाबाहेर ताणली, तर मधे तुटण्याआधी खिळा हलायला लागतो. मांडीमागच्या स्नायूचंही तसंच आहे. स्नायूचा मधला मांसल भाग ताण सोसतो, लांब होतो. टोकाच्या कंडरा तितक्या लांबत नाहीत. मधला भाग पुरेसा सैल झालेला नसताना जोर केला की सगळी ओढ दोन टोकांवर जाते. एक टोक बैठकीच्या हाडापाशी, दुसरं गुडघ्यामागे.

गुडघ्यामागे तशीही गर्दी असते. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला सुरू होतो आणि टाचेपर्यंत जातो. त्यामुळे पायाची बोटं स्वतःकडे ओढली की तोही तिथूनच ताणला जातो. कंबरेतून आलेली मोठी नस तिथूनच खाली उतरते. सांध्याला मागून आवळून धरणारं वेष्टण आणि अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या, त्याही तिथेच. एवढ्याशा जागेत इतकं सगळं असल्यावर ताण कुठेही जास्त झाला तरी दुखणं तिथेच जाणवतं.

वाकायचं कुठून?

बहुतेक जण कंबरेतून वाकतात. म्हणजे पाठ गोल करून, डोकं खाली सोडून. चुकतं ते इथेच.

हाताची बोटं जांघेत ठेवा, जिथे मांडी आणि पोट एकमेकांना भेटतात त्या घडीत. आता बसकण मागे नेत थोडं पुढे वाका. बोटं घडीत चिमटल्यासारखी दाबली गेली, तर तुम्ही खुब्यातून वाकलात. घडी उघडीच राहिली आणि पाठ मात्र गोल झाली, तर वाकलात ते कंबरेतून.

खुब्यातून वाकताना ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं पुढे कलतं आणि बैठकीची हाडं वर जातात. पण मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की ते या हाडांना खाली धरून ठेवतात. कडं पुढे कलायला तयार नसतं. माणूस तर ठरवून बसलेला असतो की हात टेकवायचेच. मग तो उरलेलं अंतर दोन जागांहून काढतो: पाठ गोल करून आणि गुडघे मागे ढकलून. पहिल्याची किंमत कंबर मोजते, दुसऱ्याची गुडघे.

दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत, दुचाकीवर, लोकलच्या बाकावर गुडघे काटकोनात ठेवून जात असतील, तर मांडीमागचे स्नायू पूर्ण लांबीला क्वचितच येतात. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारी माणसं असलो तरी त्यानेही हे स्नायू फारसे ताणले जात नाहीत, कारण मांडी घालताना गुडघे दुमडलेलेच असतात. तासन्‌तास मांडी घालून बसू शकणाऱ्या आजींनाही पाय पसरून वाकणं जड जातं, ते त्यामुळेच.

"गुडघे वाकवले तर ते आसन कसलं?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. माझं उत्तर ठाम आहे: गुडघे वाकवा. दोन टोकांपैकी खालचं टोक थोडं सैल सोडलं की वरचं टोक मोकळं होतं, कडं पुढे कलू लागतं आणि ज्यासाठी आसन करायचं ती खुब्यातली हालचाल सुरू होते. पाय ताठ ठेवून पाठीची कमान करणाऱ्यापेक्षा, गुडघे वाकवून पोट मांडीला लावणारा माणूस आसनाच्या जास्त जवळ असतो.

उभ्याने करताना पाय नितंबाइतके रुंद ठेवा. गुडघे चांगले वाकवा, अगदी खुर्चीत बसायला निघाल्यासारखे. पोट मांड्यांवर टेकवा. हात जमिनीवर, पाटावर, नाहीतर नडग्यांवर, जिथे पोचतील तिथे. आता पोट मांडीपासून न सोडता बैठकीची हाडं हळूहळू वर उचला. गुडघे आपोआप थोडे सरळ होतील. ज्या क्षणी पोट सुटायला लागेल किंवा गुडघ्यामागे ओढ बसेल, तिथे थांबा. ती तुमची आजची जागा. पुढच्या महिन्यात ती बदललेली असेल, पण आज तिच्यापुढे जाऊन काही मिळणार नाही.

परंपरेत तर पाय ताठच सांगितलेत, असं कोणी म्हणेल. आसनाचं शेवटचं रूप तसं आहे हे खरंच. पण तिथवर जायची वाट आखून देणं हा शिकवण्याचाच भाग आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार सरळ आणि सक्रिय पायांबद्दल अत्यंत काटेकोर होते. त्याच अय्यंगारांनी पुण्यात खुर्च्या, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि घड्या घातलेली ब्लँकेटं वापरून ताठ शरीराच्या माणसांसाठी आसनं सोपी करून दाखवली. घरात पाट, उशी, सतरंजी, जुनी ओढणी असतेच. ती वापरण्यात कमीपणा काहीच नाही.

गुडघ्याची वाटी वर खेचणं आणि गुडघा मागे ढकलणं

योगवर्गात ऐकू येणाऱ्या आणि सर्वांत जास्त चुकीच्या समजल्या जाणाऱ्या सूचनेचा हा विषय आहे.

जमिनीवर पाय पसरून बसा. एका पायाचे स्नायू पूर्ण सैल सोडा आणि गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. ती हलते. आता मांडीच्या पुढचे स्नायू घट्ट करा. वाटी मांडीच्या दिशेने किंचित वर सरकेल आणि हलेनाशी होईल. "वाटी वर खेचा" म्हणजे एवढंच. ही सूचना उपयोगाची आहे, कारण मांडीचा पुढचा स्नायू काम करू लागला की मागच्या स्नायूला सैल सुटायचा संदेश मिळतो आणि सांधाही आधाराने उभा राहतो.

घोटाळा असा होतो की अनेक जण वाटी वर न खेचता आख्खा गुडघा मागे ढकलतात. पाय धनुष्याच्या उलट बाकासारखा मागे वळतो. याला गुडघा "लॉक" करणं म्हणतात. अशा वेळी स्नायू जवळजवळ काम करायचे थांबतात आणि वजन मागच्या अस्थिबंधांवर आणि वेष्टणावर टांगलं जातं. लवचीक बांध्याच्या माणसांमध्ये, त्यातही तरुण मुलींमध्ये, हे खूप दिसतं. काहींचा गुडघा सरळ रेषेच्या मागे दहा अंशांहूनही जास्त जातो. त्यांचे हात सहज टेकतात, सगळे कौतुक करतात, आणि गुडघ्यामागची पट्टी मात्र हळूहळू सैल होत असते. आखडलेल्या माणसाला दुखून इशारा तरी मिळतो. लवचीक माणसाला तो उशिरा मिळतो, म्हणून मला त्यांची जास्त काळजी वाटते.

ओळखायचं कसं? उभं असताना सगळं वजन टाचांवर गेलं असेल आणि पायाची बोटं हलकी पडली असतील, तर गुडघा बहुधा मागे ढकलला गेलेला आहे. पाय पसरून बसल्यावर टाचा जमिनीवरून उचलल्या जात असतील, तरी तेच. उभ्याने असाल तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा जमिनीत दाबा, वजन तळपायाच्या मध्यावर आणा आणि पोटरी किंचित पुढे ढकलल्यासारखी धरा. पाहणाऱ्याला पाय सरळच दिसेल, पण गुडघा लॉक झालेला नसेल. बसून करताना गुडघ्याच्या खाली नॅपकिनची छोटी गुंडाळी ठेवा आणि तिच्यावर गुडघा जोराने दाबू नका.

ताण स्नायूचा की नसेचा?

हा भाग सहसा कोणी सांगत नाही, आणि वर्षानुवर्षं ताण देऊनही ज्यांची प्रगती होत नाही त्यांच्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे.

इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, चेतातंतूंचा जाड जुडगा. तिचं नाव सायटिक. ती कंबरेतून निघते, नितंबाखालून मांडीच्या मागे उतरते आणि साधारण गुडघ्याच्या जरा वर तिच्या दोन शाखा होतात. निरोगी नस आपल्या मार्गात थोडी सरकत असते. पण तिला स्नायूसारखं ताणलेलं चालत नाही. पाय ताठ, बोटं स्वतःकडे ओढलेली आणि डोकं खाली, अशा स्थितीत तिला पायापासून डोक्यापर्यंत दोन्हीकडून ओढ बसते.

फरक ओळखायची एक साधी रीत आहे. पाय पसरून, आधाराने बसा आणि ओढ जेमतेम जाणवेल इतकंच वाका. तिथेच थांबून फक्त मान वर उचला, बाकी काही हलवू नका. गुडघ्यामागची ओढ लगेच कमी झाली, तर तिच्यात नसेचा वाटा आहे. मांडीमागचा स्नायू मानेला जोडलेला नाही, तेव्हा मान हलवून त्याच्या ताणात फरक पडायला नको. चुणचुण, मुंग्या, विजेसारखी कळ किंवा पोटरीत बधिरपणा असेल तर शंका आणखी पक्की.

असं असेल तर ताण वाढवून उपयोग नाही, उलट नस चिडते. पट्टा लावून पायाची बोटं ओढणं बंद करा. पाऊल सैल सोडा, गुडघा वाकवा, मान पाठीच्या रेषेत ठेवा. आणि कंबरेचा जुना त्रास असेल, पायात मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

बसून करायची आसनं

पश्चिमोत्तानासनात गुरुत्वाकर्षणाची मदत कमी मिळते, म्हणून हात लावून ओढायचा मोह जास्त होतो. नुसतं पाय पसरून बसल्यावरच कंबर मागे कलंडत असेल आणि पाठ ताठ राहत नसेल, तर वाकायचा प्रश्नच येत नाही. आधी बसकणीखाली उंची द्या. घट्ट घडी घातलेली चादर किंवा घोंगडी, तेवढ्यानेही न भागल्यास छोटा पाट. बैठकीची हाडं त्या उंचवट्याच्या पुढच्या कडेवर येऊ द्या, म्हणजे कडं पुढे कलेल. गुडघे वाकवून त्यांच्याखाली लोड ठेवा. तळव्याला ओढणी अडकवून दोन्ही टोकं धरा, पण ती धरण्यापुरतीच. ओढायला नाही.

जानुशीर्षासनात दुखतो तो दुमडलेला गुडघा, आणि तोही आतल्या बाजूला. गुडघा मुख्यतः वाकण्या-उघडण्यासाठी बनलेला आहे. वाकलेला असताना तो थोडासा वळतो, पण फार नाही. मांडी बाहेरच्या बाजूला वळवायचं काम खुब्याचं. खुबा वळत नसताना गुडघा हाताने जमिनीकडे दाबला की पीळ गुडघ्यातल्या मऊ चकत्यांवर पडतो. या चकत्या मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्यामध्ये असतात, धक्के झेलतात, आणि फाटल्या तर सहजी भरून येत नाहीत. म्हणून आधी गुडघा पूर्ण मिटवा, पोटरी मांडीला लागेल इतका, आणि मगच पूर्ण पाय एकत्र बाहेर वळवा. गुडघा हवेत राहिला तर खाली उशी सरकवा. हाताने किंवा दुसऱ्या कोणाकडून तो कधीही दाबून घेऊ नका. पद्मासनात बसून योगमुद्रा करणाऱ्यांनाही हेच लागू. पाय पसरून कोन करून वाकताना वाटी आणि पायाची बोटं छताकडे असावीत, आत कलंडू देऊ नयेत.

शशकासन किंवा बालासन, म्हणजे वज्रासनात बसून पुढे वाकणं, दिसायला निरुपद्रवी, पण त्यात गुडघा पूर्ण दुमडून त्यावर शरीराचं वजन येतं. पोटरी आणि मांडीच्या मध्ये जाड घडी ठेवली की दाब कमी होतो. तरीही दुखत असेल तर खुर्चीत बसा, पाय रुंद ठेवा आणि समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवा. पाठीला हवा तो आराम तिथेही मिळतो.

ओट्यापाशी सुरुवात

ज्यांना सगळं पहिल्यापासून लावून घ्यायचं आहे, त्यांनी जमिनीकडे बघायचंच नाही. स्वयंपाकघराचा ओटा घ्या. दोन्ही तळवे कडेवर ठेवा आणि एकेक पाऊल मागे जात धड जमिनीला समांतर आणा. पाय नितंबांच्या खाली, गुडघे किंचित वाकलेले, कान दंडांच्या रेषेत. आता ओट्याला हलकं ढकलत बैठकीची हाडं मागे न्या. ओढ मांडीच्या मधोमध जाणवली पाहिजे. गुडघ्यामागे जाणवली तर गुडघे आणखी वाकवा किंवा एक पाऊल पुढे या. चहा उकळेपर्यंत एवढं होतं. तिथे धड पेललेलं असतं, पाठ गोल व्हायला कारण नसतं, आणि काय चाललंय हे शांतपणे कळतं.

दुसरं, पाठीवर झोपून. एक गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर ठेवा, दुसऱ्या तळव्याला ओढणी अडकवून तो पाय वर न्या. गुडघा पूर्ण सरळ व्हायची घाई नाही. पाठ जमिनीवर असल्याने कंबर सुरक्षित राहते.

आणि तिसरं, ताण देण्याइतकंच जोर वाढवणं. कमकुवत स्नायूही आखडल्यासारखा वाटतो. सेतुबंधासन (पाठीवर झोपून बसकण उचलणं), शलभासन (पोटावर झोपून पाय उचलणं), आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, यांनी मांडी पुढून-मागून भक्कम होते. माझ्या मते नुसतं वाकण्याच्या मागे लागलेल्यांनी निम्मा वेळ इकडे द्यावा.

"थोडं दुखल्याशिवाय शरीर मोकळं कसं होणार?"

ताण जाणवणं वेगळं आणि दुखणं वेगळं. स्नायूच्या मधल्या भागात पसरलेली, श्वास सोडताना कमी होणारी, आसन सोडल्यावर लगेच नाहीशी होणारी ओढ चालते. एका बिंदूवर टोचणारी, सांध्याजवळची, आसन सोडल्यावरही रेंगाळणारी ओढ चालत नाही.

हिसके देऊन काम बिघडतं, त्यालाही कारण आहे. स्नायू झटक्यात ताणला गेला की तो फाटू नये म्हणून शरीर त्याला उलट आकसायला लावतं. तुम्ही खाली ओढता आणि स्नायू वर. सावकाश गेलात, पाच-सहा संथ श्वास म्हणजे साधारण 30 सेकंद थांबलात, तर तो सोडायला लागतो. नियमित सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत जी लवचीकता वाढते, तिच्यात स्नायू लांब होण्यापेक्षा मेंदूने तेवढा ताण सुरक्षित मानायला लागण्याचा भाग मोठा असतो. दुखवून मेंदूचा विश्वास मिळत नाही. वेळही पाहावी. सकाळी उठल्या उठल्या शरीर ताठ असतं, मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या असतात. अर्धा-एक तास घरात वावर झाल्यावर किंवा संध्याकाळी वाकणं सोपं जातं.

शेजारचीचे हात पहिल्याच दिवशी टेकले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. काहींचे हात लांब असतात, काहींचे पाय. खुब्याच्या खोबणीची ठेवण प्रत्येकाची निराळी. हात जमिनीला लागणं हे योगाभ्यासाचं माप नाही.

गुडघे आधीच झिजले असतील तर?

संधिवातामुळे झीज झालेल्या गुडघ्याला हालचाल हवीच असते. स्नायू बळकट असले तर सांध्यावरचा भार हलका होतो. त्यामुळे सगळं बंद करू नका, निवड करा. ओट्यापाशी वाकणं, खुर्चीत बसून वाकणं, पाठीवर झोपून पाय उचलणं बहुतेकांना जमतं. वज्रासन, पद्मासन आणि खोल बैठका दुखत असताना टाळाव्यात. गुडघ्याची किंवा खुब्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली असेल तर किती वाकायचं हे तुमच्या सर्जनना विचारूनच ठरवा; खुबा बदलल्यानंतर सुरुवातीच्या काळात अनेकांना काटकोनापुढे वाकायची मनाई असते. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांनी, पाठ गोल करून वाकू नये, मणक्याचं हाड दबण्याचा धोका असतो. काचबिंदू असलेल्यांनी डोकं हृदयाच्या खाली नेण्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलावं.

बैठकीच्या हाडापाशीच दुखत असेल, बसल्यावर किंवा गाडी चालवताना वाढत असेल, तर कंडरेच्या वरच्या टोकाला इजा झाली असू शकते. अशा वेळी आणखी ताण देऊन मोकळं करायचा प्रयत्न करू नका. काही काळ ताण थांबवून हळूहळू जोर वाढवणं हाच त्याचा उपाय, आणि तोही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

कधी थांबू नये, सरळ डॉक्टरकडे जावं?

गुडघा सुजला, अडकला, चालताना अचानक दगा देऊ लागला, रात्री झोपमोड होईल इतका दुखू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघ्यामागे गोळ्यासारखी फुगवटी हाताला लागली तर ती बहुधा सांध्यातल्या पाण्याने भरलेली गाठ असते आणि आत दुसरं काहीतरी बिघडल्याची खूण असू शकते, म्हणून तपासून घ्यावी. एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नये. एकाच पायाची पोटरी सुजून गरम, लालसर आणि दुखरी झाली असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिच्यावर मालिश करू नका, ताण देऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर त्याच क्षणी.

शिबिरं घेणाऱ्यांसाठी

शंभर माणसं समोर असताना प्रत्येकाकडे लक्ष देता येत नाही, हे मान्य. पण माइकवरचं एक वाक्य बदलता येतं. "गुडघे ताठ, हात जमिनीला" याऐवजी "गुडघे वाकवा, पोट मांडीला लावा, मग जमेल तेवढे पाय सरळ करा" असं म्हणा. प्रात्यक्षिक दाखवायला व्यासपीठावर सगळ्यात लवचीक मुलगी असतेच. तिच्या शेजारी आखडलेल्या शरीराचा, पन्नाशीतला, खुर्ची धरून वाकणारा एक माणूसही उभा करा. समोरचे बहुसंख्य त्याच्यासारखे असतात. आणि कोणाच्याही पाठीवर हात ठेवून खाली दाबू नका. आत ओढ कुठे बसते आहे, हे बाहेरून दिसत नाही.